न भरणारं तिसरं भोक

तिसरं भोक भरेना. तीन दिवस पंप चालू होता, सिमेंटच्या गोण्या रिकाम्या होत होत्या आणि दाबाचा काटा जागचा हलत नव्हता.

काम चाकणच्या अलीकडच्या एका जुन्या दगडी बंधाऱ्याच्या दुरुस्तीचं. गोष्ट पन्नासच्या दशकातली. गळक्या भिंतीत वरून भोकं पाडतात आणि पाण्यात कालवलेलं सिमेंट दाबानं आत सोडतात. आतल्या फटी भरल्या की काटा चढतो, भोक आणखी घेत नाही. याला ग्राउटिंग म्हणतात. पहिली दोन भोकं शहाण्यासारखी भरली. तिसऱ्यानं एकट्यानं सगळ्या भिंतीच्या वाटणीचं सिमेंट खाल्लं.

कामावरचा इंजिनिअर मी, आणि एस्टिमेटही माझंच होतं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, त्यामुळे माझ्या सहीची मला जरा जास्तच किंमत होती.

पुण्याहून मोठे साहेब, म्हणजे आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, जीप घेऊन आले. मंजूर रक्कम संपली की काम बंद करा, नवीन एस्टिमेट वर पाठवा, मंजुरी आली की पुढचं बघू, असं त्यांचं म्हणणं. मंजुरी पावसाळ्याच्या आत येत नसते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. भिंतीच्या दगडांमधला जुना चुना आम्ही खरडून काढला होता. ती तशीच ठेवली तर पुरात टिकली नसती, आणि खाली गाव होतं.

हे बोलणं चालू असतानाच धोंडिबा आला. बंधाऱ्याखाली त्याचा मळा. हातात बादली, बादलीत ताकासारखं पाणी. दोन दिवस विहिरीला असंच पाणी येतंय, बैल तोंड लावत नाहीत, अशी त्याची तक्रार.

कंत्राटदाराचा माणूस माझ्या कानाशी लागला. याला आत्ताच वाटेला लावा, नाहीतर भरपाई मागेल आणि खर्च आणखी चढेल, असा त्याचा सल्ला.

साहेबांना वेगळाच संशय. "भरपाईसाठी कुणी विहिरीत सिमेंट टाकलं नसेल कशावरून?"

धोंडिबानं बादली खाली ठेवली. "साहेब, शिमिटाला परमिट लागतंय. उंबऱ्याला लावाया मूठभर मिळालं न्हाई मला. इहिरीत वताया कुठनं आणू?"

जीपच्या ड्रायव्हरनं तोंड फिरवून हसून घेतलं. साहेब हसले नाहीत.

मी एक दिवस मागून घेतला. पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात ते लाल औषध चाकणच्या दवाखान्यातून आणवलं. चौथं भोक पाडून तयार होतं, सिमेंट अजून सोडलं नव्हतं. त्यात औषधाचं पाणी ओतत राहिलो. दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन विहिरीवर गेलो. पाणी गुलाबी झालं होतं. धोंडिबानं एक बादली शेंदून साहेबांपुढे ठेवली.

"म्हणजे भिंत भरतच नव्हतो आपण," साहेब म्हणाले. भिंतीखालच्या कातळात भेग होती आणि ती थेट विहिरीकडे निघाली होती. आमचं तिसरं आणि चौथं भोक कातळात शिरून त्या भेगेला लागलं होतं.

आता धोंडिबाच्या ध्यानात आलं. "मंग भेग बुजवणार म्हना की."

"बुजवायला हवी," साहेब म्हणाले. "बंधाऱ्याचं पाणी वाया जातंय."

"वाया कुठं जातंय? माझ्या मळ्यात येतंय की. ह्याच पाझरावर इहीर हाय माजी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "भेगेला किती सिमेंट लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. भिंतीला किती लागेल ते मी आत्ता सांगतो. आणि पडली तर भिंत पडेल, कातळ नाही."

तिथंच ठरलं. पुढची भोकं कातळ लागला की थांबवायची. तिसरं आणि चौथं बंद. खर्च एस्टिमेटच्या वर गेलाच, पण साहेबांच्या स्वतःच्या अधिकारात बसेल एवढाच. जादा खर्चाचा खुलासा मला लिहावा लागला. पावसाच्या आत भिंत पुरी झाली आणि पुरात उभी राहिली. धोंडिबाच्या विहिरीचं पाणी नितळलं. पूर्वीपेक्षा थोडं कमी झालं, पण आटलं नाही.

पुढं तपासणीला येणारा प्रत्येक अधिकारी विचारायचा, दुरुस्ती होऊनही बंधारा खालून पाझरतो कसा? मी त्याला चालत मळ्यात नेऊन विहीर दाखवायचो.

एस्टिमेट भिंतीचं होतं आणि भिंतीपुरतं ते बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन. खर्च वाढला की किती वाढला एवढंच वरून विचारतात. कुठं जातोय, हे जागेवरच्या माणसानं बघायचं असतं.