बाटलीच्या तळचं औषध
तेव्हा घरात सासूबाई, शेजारची काकी नि मी, तिघीच होतो. सासूबाईंच्या डोकेदुखीवर कल्याणात आमच्याच आळीतल्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलेलं, बाटलीला एकेका डोसाच्या खुणांची कागदी पट्टी. कंपाउंडर बोललेला, "हलवून द्या." मी मात्र काढ्यासारखं निवळू द्यायची, वरचं वरचं ओतायची. शेवटच्या खुणेला सगळा गाळ त्यांच्या पोटात गेला. दुपारी हाका मारल्या तरी उठेनात. काकी ओरडली, "अगं, काय पाजलंस म्हातारीला?" मी अनवाणी धावत डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, "तळाला बसलेलं औषध एकदम गेलं." दिवेलागणीला सासूबाईंनी डोळे उघडले. "रडतेस कशाला? चहा टाक." आजही पातळ औषधाची बाटली हातात आली की मी आधी हलवते. बाबांनो, मला बाटलीवरचं वाचता येत नव्हतं, पण कंपाउंडरचं ऐकू येत होतं. औषध देणारा सांगतो ते नीट ऐका.