बटाटे निघेपर्यंत

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या गल्लीत म्हणतात. म्हणेनात का! मी घरी कपडे शिवते, माझं मशीन मागच्या खिडकीशी आहे आणि त्या खिडकीतून शेजारचं परसदार दिसतं. तेव्हा हे सगळं मी पाहिलेलं सांगतेय, ऐकीव नाही.

शेजारी भाऊ, वहिनी आणि मागच्या खोलीत भाऊंची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. ताईंचा जन्म हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात गेला. आई लवकर गेली, धाकट्या भावाला यांनीच वाढवलं. शाळा सुटली की भाऊ त्यांच्या स्वयंपाकघरात बटाट्याच्या पोत्यांवर बसून अभ्यास करायचे. "हा एकदा मार्गी लागू दे" म्हणता म्हणता ताईंचं लग्न राहूनच गेलं. बटाटे सोलून सोलून बोटं वाकडी झाली होती, पण साल अशी पातळ काढायच्या की बघत राहावं.

वहिनी एक दिवस मोड आलेले बटाटे कचऱ्यात टाकत होत्या. ताईंनी ते उचलले, एकेका फोडीला एकेक डोळा राहील असे कापले, जखमा सुकेपर्यंत सावलीत ठेवले आणि धुण्याच्या दगडामागच्या मातीच्या पट्टीत लावले. वहिनींनी नाक मुरडलं. "वन्सं, बाजारात मिळतात हो!" ताई नुसत्या हसल्या.

रोपं गुडघ्याला लागली आणि ताई खोडांना मातीची भर घालत होत्या, तेव्हा भाऊ बाहेर आले. वृद्धाश्रमात एक जागा झाली होती. "तिथं डॉक्टर आहेत, सोबत आहे, तुला करमेल," हे सगळं बोलताना माणूस ताईंकडे बघत नव्हता, वाळत घातलेल्या टॉवेलकडे बघत होता. खरी गोष्ट अशी की वहिनींनी व्यायामाचं मशीन घेतलं होतं. ते खोक्यातच बोळात उभं होतं आणि त्याला खोली हवी होती. मशीनला हो!

ताईंनी मातीचे हात झटकले. म्हणाल्या, "जाईन. एवढे बटाटे निघू देत."

"निघू देत की! आम्ही काय राक्षस आहोत का?" भाऊ म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला इकडून दिसला.

तेव्हापासून त्या पट्टीवर घराचा डोळा. इतकी वर्षं परसदारी न फिरकणाऱ्या वहिनी सकाळचा चहा तिथं घ्यायला लागल्या. पाला पिवळा पडला तशी त्यांची कळी खुलली. "झाले वाटतं, वन्सं?"

"साल कोवळी आहे अजून. पाला वाळू दे."

पाला वाळला. ताईंनी तो कापून टाकला. "आता मातीत थोडे मुरू देत, म्हणजे टिकतात." हेही खरंच होतं. पण खरं किती दिवस पुरणार? पुढं त्या नुसतं "अजून वाढतायत" म्हणायला लागल्या. पाणी कधीच बंद केलं होतं. कोरड्या मातीत बटाटा गुपचूप पडून राहतो, आणि तो पडून होता तोवर ताईंची खोली ताईंची होती. मला सगळं कळत होतं. मनात म्हटलं, शाबास ताई, चालू द्या!

वहिनी काय कमी आहेत? भाजीवाला दारात आला, मी मिरच्या निवडत होते. वहिनी साखरेत घोळलेल्या आवाजात त्याला विचारतात, "पाला गेल्यावर बटाट्याला पाणी दिलं तर काय होतं हो?"

"कुजतो. दुसरं काय होणार?"

त्याच दुपारी वहिनींनी नळाला पाइप लावला. पट्टीत घोट्याएवढं पाणी झालं. ताई खोलीतून धावत आल्या. "अगं, पाणी कशाला?"

"तुम्हीच म्हणता ना, अजून वाढतायत. मग तहान नको लागायला?" आणि वहिनी हसून बघत राहिल्या.

ताई काय बोलणार? पाणी नको म्हणायचं तर बटाटे तयार आहेत हे कबूल करायचं. पाणी चालूच राहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी आत गेल्यावर मी भिंतीवरून वाकले आणि म्हटलं, "ताई, कुजू द्या! सगळे कुजू द्या. विचारलं तर सांगा, वाढतायत. काढू नका, माझं ऐका."

"अगं, खायची वस्तू आहे ती," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ घेतली. सकाळपासून चिखलात बसून उकरत होत्या. आणि काय पीक आलं होतं म्हणून सांगू! एकेका बुंध्याखाली ओंजळ भरून. त्यांनी ते पुसले, सावलीत पसरले, लहान-मोठे वेगळे लावले. कुदळीनं कापले गेले ते बाजूला काढले. मधूनच एखादा हातात घेऊन बघत बसायच्या. चेहऱ्यावर आनंद होता, खोटं कशाला बोलू? मला मात्र त्यांचा राग आला, इतका की शिवणीचा धागा दोनदा तुटला.

संध्याकाळी भाऊ आले. एक मोठा बटाटा हातात घेऊन जोखला. "एवढे? हे तर कधीचेच तयार असणार, ताई. उगाच महिनाभर अडकून राहिलो की आपण." मग आतल्या बाजूला तोंड करून, "अगं, सकाळची गाडी सांगतो!"

ताई म्हणाल्या, "हे कापले गेलेले आधी संपवा. बाकीचे टिकतील."

सकाळी गाडी आली. एक बॅग, एक कापडी पिशवी, एवढंच सामान. वहिनींनी पिशवी उचलली आणि थबकल्या. "वन्सं, यात काय एवढं जड?"

"चार घेतलेत. तिथल्या स्वयंपाकघरात उकडून घेईन."

भाऊंनी घड्याळ बघितलं. "ताई, बाहेरचं खाणं तिथं चालत नाही. नियम आहे त्यांचा. आणि आता तुला तिथं स्वयंपाकघरात कोण जाऊ देणार?"

मी भिंतीशी उभी होते. ताईंनी पिशवीतून चार बटाटे काढले, परत परसदारी गेल्या आणि मोठ्यांचा ढीग शोधून त्यावर ठेवले.