रांगेत बोली शिकणाऱ्या शमीमआपा

शमीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. ‘शिक्षकांना शिकवू द्या’ हे आमच्या शिक्षक संघटनेचं पत्रक यंत्रातून गरम गरम बाहेर पडत होतं. छातीत कळ आली, पिंपळनेरहून धुळ्याला आणताना वाटेतच... एवढंच कळलं. त्या पत्रकातला निम्मा संताप त्यांचा होता. आता काही आठवडे झाले, तरी लिहायला बसलो की त्या माझ्या मानेमागे उभ्या राहून वाचताहेत असं वाटतं.

आपा धुळ्याच्या. घरी उर्दू, गल्लीत अहिराणी, वर्गात मराठी. पिंपळनेरपलीकडच्या पाड्यावर बदली झाली आणि तिन्ही भाषा तिथे अडल्या. पहिलीतली जमनी दाराबाहेरच बसायची. आत येईना, बोलेना. पावसाळा संपला की आईबाप ऊसतोडीला निघणार. तोवर तिला शाळा आपली वाटली नाही तर तीही त्यांच्यामागे जाणार, हे आपांना दिसत होतं. पोरांची भिली बोली शिकायलाच हवी होती. पण कधी? दिवसभर माहिती भरा, फोटो टाका, सर्वेक्षणं करा! वर एका प्रशिक्षणात तज्ज्ञांनी शिक्षकांना वेळेचं नियोजन शिकवलं : रोज तासभर लवकर उठा. आपा उभ्या राहिल्या. “सर, मी उठेन. पण बोलायला पोरंही उठवू का?” सभागृह हसलं. वेळ खातंय कोण, हे मात्र त्या नियोजनात कुठेच नव्हतं.

मग आपांनी वेळ काढला तो खिचडीच्या रांगेत. त्या शेवटी उभ्या राहायच्या. पुढचं पोर त्याच्या बोलीतलं एक वाक्य सांगायचं, ते ताट हाती येईपर्यंत आपांनी बोलून दाखवायचं. चुकलं की दुसऱ्यांदा वाढून घ्यायला आलेल्या पोरांच्याही मागे. “बठ्ठा पोरं माले हसतस रे भाऊ,” त्या फोनवर अहिराणीत सांगायच्या. “आजही गारच खिचडी.” मी म्हणालो, पत्रकात टाकतो. “टाक. पण मला बिचारी केलंस तर बघ!” एक दिवस जमनी दारातून उठून आली, आपांचं वाक्य दुरुस्त केलं आणि रांगेतच थांबली. आईबाप ऊसतोडीला गेले; जमनी आजीपाशी राहिली.

परवा पाड्यावरच्या त्या शाळेत गेलो. ओसरीवर पोरं शाळा-शाळा खेळत होती. जमनी खांद्यावर टॉवेलची ओढणी घेऊन बाई झाली होती आणि स्वतःचीच बोली अडखळत, धुळ्याच्या हेलात बोलत होती. मी शेजारच्या पोराला विचारलं, “ही अशी का बोलते रे?”

“ती आता बाई आहे ना,” तो म्हणाला. “बाई अशाच बोलतात.”

बोलतात... मी उभाच राहिलो. जमनीने माझ्याकडे बघून त्याच हेलात काहीतरी दटावलं. पोरांनी सरकून जागा केली. मी खाली बसलो.