चिकपेटातली खुर्ची

"मांडी मोड! आधी मांडी मोड!"

अक्का गल्ल्यावरून अशी ओरडली की बेंगळुरातल्या चिकपेट बाजारातली समस्त दुकानदारी गप्प झाली. खालून जाणारी मेट्रोसुद्धा थबकली असावी. लग्नाच्या साड्या घ्यायला आलेलं, एका बसमध्ये न मावणारं खानदान माझ्याकडे बघायला लागलं. मी आमच्या दुकानाच्या गादीवर, मांडी घालून, कांजीवरम उलगडत बसलो होतो. डॉक्टरांनी नेमकं हेच करू नका म्हणून बजावलं होतं.

गुडघ्यातला मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती, फाटला तो साड्यांचा गठ्ठा उचलून वळताना. गिऱ्हाइकांना मी उधळलेला बैल अडवल्याचं सांगतो. फाटका तुकडा कापला तर लवकर मांडी घालता येईल, पण पुढे हाडं घासतील. शिवला तर गुडघा टिकेल, पण भरून येईपर्यंत कित्येक महिने मांडी बंद, असं डॉक्टर म्हणाले. मी कापण्याच्या बाजूचा. पण अक्का, माझी ही थोरली बहीण, जन्म साड्यांत गेलेला, तिनं विचारलं, "रफू होत असेल तर कापायचं कशाला?" झालं. दुर्बिणीतून टाके पडले.

आणि दुकानात खुर्ची आली. तीनशे वर्षं बेंगळुरात मांडी घालून बसलेलं आमचं घराणं, आणि मी खुर्चीवर! गादीवरची गिऱ्हाइकं माझ्या गुडघ्यांशी बोलायची. त्या दिवशी तर नवरीच्या आईनं मलाच विचारलं, मालक कुठे आहेत? मी सरळ खाली उतरलो आणि मांडी ठोकली. गुडघ्यात 'कट्' झालं. शहराच्या पार टोकाला, व्हाइटफील्डपर्यंत ऐकू गेलं असणार.

जे. पी. नगरच्या दवाखान्यापर्यंत रिक्षात मी दोन्ही हातांनी गुडघा धरून बसलो, यावरून काय ते समजा. टाके सुटले असते तर पुन्हा ऑपरेशन, आणि या खेपेला कापणंच. डॉक्टरांनी गुडघा दाबला, वळवला, एमआरआय काढायला लावला, आणि मग म्हणाले, टाके धरून आहेत, पुन्हा असं करू नका.

दुकानात परतून मी जाहीर केलं की असा गुडघा दक्षिण भारतात दुसरा नाही, डॉक्टर थक्क झाले, आता खुर्ची माळ्यावर टाकायला हरकत नाही.

अक्का साडीची घडी घालत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"सरी, बरं," ती म्हणाली. "बस खुर्चीवर."