गुलालात न्हालेला किडा

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात एवढा गुलाल उधळला, की म्हशीसुद्धा गुलाबी दिसत होत्या. मी मात्र मिरवणुकीच्या वाटेवर, वाळल्या बाभळीपाशी किडे धरत बसले होते. दुष्काळानं झाडं वाळली, वाळक्या लाकडात साल पोखरणाऱ्या अळ्या माजल्या आणि त्या अळ्यांवर ताव मारायला माझा केसाळ, चट्ट्यापट्ट्यांचा किडा आला. माणसं पाण्यासाठी वणवण करतायत आणि ह्या लेकाची चंगळ!

मला पीएच.डी. करायची होती. नांदेडच्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी दम दिला होता, "यंदा ह्या किड्यांत नवी जात दाखव, न्हाई तर गोचिडांवर काम कर." गोचीड! मला नुसत्या नावानं खाज सुटायची.

घरी येऊन भिंगाखाली बघते तर काय, किड्याच्या पाठीवरचे केस लालभडक! माझ्या पुस्तकातल्या एकाही जातीला असले केस नव्हते. मी अक्षरशः नाचले. आईनं गल्लीभर साखर वाटली. "पोरीला लई भारी किडा घावला," असं ती सांगत सुटली, आणि बाया तोंडं वाकडी करत का होईना, साखर खात होत्या.

दुसऱ्या दिवशी एसटीनं नांदेड गाठलं. लोह्यापर्यंत किड्यांची डबी मांडीवर, पुढं खड्डे सुरू झाले तशी छातीशी.

बाईंनी किडा साबणाच्या पाण्यात टाकला आणि बारक्या ब्रशनं चोळला. बशीतलं पाणी गुलाबी झालं. केस पांढरे, पुस्तकातल्या जुन्या जातीसारखेच.

"हा काय मिरवणुकीत नाचून राहिला होता का गं?"

मेले! डबीतले सगळेच किडे धुतले, सगळेच पांढऱ्या केसांचे निघाले. बाईंनी गोचिडांचं पुस्तक काढायला कपाट उघडलं. मला त्या किड्याचा असा संताप आला! घरी साखर वाटून झालीय आणि हा गुलाल फासून बसलाय?

"थांबा बाई, बघतेच ह्याच्याकडं."

बाईंच्या पेटीतला जुन्या जातीचा किडा मी त्याच्या शेजारी ठेवला. जुन्याच्या पंखांवरचा पिवळा पट्टा ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग होता. आमच्याचा मधोमध तुटलेला. नेमका तिथंच गुलाल बसला होता, म्हणून मला घरी दिसलं नव्हतं. मिशांचं शेवटचं पेरही आमच्याचं चांगलं लांब. मी ओरडलेच.

"पट्टा फसवतो. नर उघडून बघ," बाई म्हणाल्या.

ह्या किड्यांत नराच्या इंद्रियावरूनच जातीचा निकाल लागतो. मी जुन्याचा एक आणि आमच्याचा एक, असे दोन नर उघडले. जुन्याचं टोक सरळ, आमच्याचं आकडीसारखं वळलेलं. दुसरा नर उघडला. तसंच! तिसरा, तसंच!

बाई कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकातून डोळा काढेनात. मग म्हणाल्या, "अजून पुस्तकं पडताळायची हायत, दुसरीकडचे नमुने मागवायचे हायत. पण हा तो न्हाई. हा नवा हाय."

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. बाईंनी कपाट बंद केलं, बशीतल्या त्या गुलाबी पाण्यात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाला टिळा लावला.

"जा, आईला सांग, साखर वाया गेली न्हाई."

लातूर येईपर्यंत मी कपाळाला हात लावला नाही.