फ्रिजच्या दाराचं रबर

आज मांजलपूरच्या घरी फ्रिजच्या दाराचं नवं रबर गरम पाण्यात बुडवलं, घडीच्या खुणा जाव्यात म्हणून. त्या कोमट रबराच्या वासाने बाबा आठवले. मांडवीच्या बाजारातून असंच रबर हारासारखं गळ्यात घालून ते स्कूटरवरून आले होते.

आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असायचं आणि दार नीट लागत नव्हतं. तिथला गुजराती दुकानदार म्हणाला होता, "काका, आ मॉडल तो बंद थई गयुं, नवुं फ्रिज लई लो ने." पण नवा फ्रिज घ्यायचं सोडून बाबांनी जुनं रबर समोर पसरून त्याला मापाचं शोधायलाच लावलं.

रबर बसवल्यावर बाबांनी दारात कागद अडकवून ओढून पाहिला. तो हलेना. बाबा खूश झाले; पण आईच्या संधिवाताच्या बोटांना दार उघडेचना.

"राहू दे, मी उघडत जाईन," बाबा म्हणाले.

मग स्वयंपाकाच्या वेळी ते पेपर बाजूला ठेवून उठायचे. नव्या रबराचं कौतुक, असं मला तेव्हा वाटायचं.

खरं तर काही महिन्यांत ते रबर मऊ पडलं होतं; दार नीट लागायचं, पण ओढायला हलकं झालं होतं. मी एका बोटाने दार उघडायचो. आईलाही सहज जमलं असतं.

तरी ती आतून हाक मारायची, "अहो, दही!" आणि बाबा उठायचे.