दोघांत एक पाकीट

त्या दुष्काळात दिवाळीआधीच आमच्या विहिरीनं तळ दाखवला आणि आई-वडील परजिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्यावर ऊसतोडीला गेले. मी कॉलेजात होते, म्हणून मागे राहिले. निघण्याआधी सरकारी दवाखान्यात दोघांचं रक्त तपासलं, तर दोघांनाही शुगर निघाली. वडील हसले. "आपल्याला कशी काय? ही तर मोठ्या लोकांची बिमारी हाय." कारखान्याच्या चेअरमनला होती म्हणे, ते बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि तपासणीला पुण्याला जायचे. आमच्या घरात कोरा गोड चहा हेच कैक दुपारींचं जेवण असायचं, ते कोणी विचारलं नाही.

गोळ्या महिन्याच्या मिळत. त्या आणून पाठवायचं काम माझं. दुसऱ्या महिन्यात दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवरच्या माणसानं वडिलांचंच पाकीट दिलं. "बाईला घेऊन ये, तिची शुगर जास्त हाय, परत तपासायचीय," म्हणाला. बाई फडात ऊस तोडत होती. भांडायला हवं होतं. मी भांडले नाही, परीक्षा जवळ आली होती. युसूफ वडगाव या शेजारच्या गावच्या बाजारात ओळखीचा ट्रॅक्टरवाला गाठला, त्याच्याकडे पाकीट दिलं आणि मोकळी झाले.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम कोयते मोजतो, माणसं नाही. आईनंही तसंच मोजलं. "एका कोयत्याला एक पाकीट, बरुबर हाय," म्हणाली आणि सगळ्या गोळ्या वडिलांना दिल्या. वडील आजारी पडले असते तर काम दोघांचंही गेलं असतं. पुढेही मी एकच पाकीट पाठवत राहिले. ती मागत नाही म्हणजे तिचं भागतंय, अशी मी सोयीची समजूत करून घेतली.

तोडलेल्या उसाचं बुडखं फार धारदार असतं. एक बुडखं तिच्या चपलेतून तळव्यात घुसलं, तिला कळलंसुद्धा नाही. रक्त वडिलांना दिसलं. "दुखत न्हाई तर दवाखाना कशाला?" म्हणत तिनं चिंधी बांधली आणि मोळ्या वाहत राहिली. टोळीतल्या बायका तिचं कौतुक करायच्या, लई कणखर बाई म्हणून. हंगाम संपवून ती गावी आली तेव्हा पाय काळा पडला होता आणि त्याला वास येत होता.

डॉक्टरनं घोट्याच्या वर पाय कापला. शुगरनं पायातली जाणीवच गेली होती, गोळ्या चालू असत्या तर कदाचित पाय वाचला असता, म्हणाला. मग मात्र मला राहवेना. खिडकीवर मी भांडले नाही, हे मी आईला सांगून टाकलं.

तिनं पांघरूण सारखं केलं. "तू कशाला भांडतीस? दुखत न्हवतं तेच बरं झालं बाई. न्हाईतर हंगाम अर्धा टाकून यावं लागलं आसतं."

मला तिचा संताप आला. अजून येतो. तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.